टेबलाखालून पाहिलेली बढती

मला काही कळत नाही असं धरून चालूनच माणसं माझ्यासमोर खरं बोलतात. म्हणून आज तोंड उघडते. मी एक मांजर. रोह्याला रसायनांची एक कंपनी आहे, तिच्या गेस्ट हाउसवर राहते. रंग राखाडी, एक कान फाटका, स्वभाव संशयी.

जन्मापासून मी अशी नव्हते. मी जन्मले हमरापूरला, गणपतीच्या कारखान्यात, रंग न लागलेल्या मूर्तींच्या रांगेमागे. तिथं मला कुणी कधी हुसकलं नाही. एका वर्षी कंपनीचा गणपती टेंपोत चढवला. मूर्तीभोवती पेंढा होता. मी त्यात शिरले, ऊब लागली, डोळा लागला. जाग आली ती रोह्यात.

गेस्ट हाउसवर स्वयंपाक करणाऱ्या हौसाने मला ठेवून घेतलं. "बाप्पासंगं आलीस गो, तुला कशी हाकलू?" म्हणाली. तिथल्या मॅनेजरला मात्र मी नको होते. एकदा त्याने भारी गोड हाक मारली, पुढ्यात वाटीभर दूध ठेवलं. दूध संपायच्या आत मी गोणत्यात होते. कुंडलिका नदीच्या पलीकडे, अष्टमी गावात नेऊन सोडलं मला. पूल ओलांडून चालत परत आले. तेव्हापासून दुधाला तोंड लावायच्या आधी मी देणाऱ्याचा हात हुंगते.

दर रविवारी दुपारी मोठे साहेब इथं जेवायला जमायचे. माझी जागा टेबलाखाली. साहेब मी बुटांवरून ओळखायचे. बाईची चप्पल त्या टेबलाखाली मी कधी पाहिली नाही. मीटिंग व्हायची सोमवारी, ऑफिसात. पण तिथं जे ठरायचं ते आदल्या दिवशी सुरमईच्या कालवणावर ठरलेलं असायचं.

तामार अष्टमकर त्या जेवणाला नसायची. ती उत्पादन विभागाची प्रमुख, प्लँट हेडच्या खालोखालची. इथल्याच ज्यू घरातली. भाऊ एझ्रा, मामा, मावशा, सगळे इस्रायलला गेले. ती आणि तिची आई हन्ना रोह्यातच राहिल्या. बाहेरचे पाहुणे येणार असले की तामार व्यवस्था बघायला यायची, हौसाशी दोन शब्द बोलायची आणि डब्यातला बांगड्याचा तुकडा मला टाकायची. त्या हाताला मी पहिल्यांदा हुंगलं तेव्हा फक्त बांगड्याचाच वास आला.

जुने प्लँट हेड निवृत्त झाले. सगळा कारखाना म्हणत होता, आता तामारमॅडम. त्या रविवारी मुंबईहून डायरेक्टर विशालसाहेब आले.

"बाई हुशार आहे, वाद नाही," ते वरून म्हणाले. "पण उद्या इस्रायलला निघून गेली तर? त्यांचे सगळे गेलेच ना?"

"आणि शनिवारी त्यांचा शब्बाथ, कामाला सुट्टी. फोन उचलेल का?" दुसरं कोणी म्हणालं.

सगळे हसले. कुंडलिकेला पूर आला होता तो शनिवारच होता. तेव्हा तामार गुडघाभर पाण्यात पंपापाशी उभी होती, आणि हेच साहेब गेस्ट हाउसच्या वरच्या मजल्यावर चहा मागवत होते. हे कुणालाच आठवलं नाही. जेवण उरकायच्या आत प्रणितसाहेब प्लँट हेड झाले. पुण्याहून नवेच आले होते.

सोमवारी तामारने त्यांचं अभिनंदन केलं. मंगळवारी ती इथं आली तेव्हा हौसा म्हणाली, "बाय, तुमचं नाव हाफिसात नाय कापलं. इथं कापलं, माझ्या जेवणावर." तामार डबा न उघडताच निघाली. मला बांगडा द्यायलाही विसरली.

पुढे प्रणितसाहेबांचं काही धड जमलं नाही. खर्च वाचवायला टाक्यांची दुरुस्ती पुढे ढकलली. सांडपाण्याचा वास गावात जायला लागला. लोक गेटवर आले, सरकारची नोटीस आली. आणि अचानक प्रणितसाहेबांची मुंबईला बदली झाली. बढतीवर!

त्या रविवारी साहेब हळू आवाजात बोलत होते. माझे कान टवकारले.

"आता मॅडमला द्या," विशालसाहेब म्हणाले. "पहिली महिला प्लँट हेड. पेपरात छान दिसेल. आणि समजा सरकारने कंपनी बंद केलीच, तर कागदावर सही तिची, दोषही तिचा."

माझ्या पाठीवरचे केस उभे राहिले. वाटी मला दिसत होती, गोणतंही दिसत होतं. पण सांगणार कसं? तामारला सांगितलं ते हौसाने. वाढता वाढता तिनेही सगळं ऐकलं होतं.

पुढच्या रविवारी टेबलाखाली एक चप्पल आली. साधी, चामड्याची. सगळे बूट एकदम मागे सरकले.

"मॅडम, तुम्ही? बसा ना," विशालसाहेब म्हणाले. "तुम्हाला आनंदाची बातमी द्यायचीच होती."

"ऐकली," तामार म्हणाली. "जबाबदारी मी घेईन सर. पण टाक्या आज कशा आहेत ते बाहेरचे तज्ज्ञ आधी तपासतील. दुरुस्ती होईपर्यंत त्या टाक्यांवरची उत्पादनाची लाइन बंद ठेवायचा अधिकार माझा. आणि यापुढे प्लँटचा कुठलाही निर्णय या टेबलावर होणार नाही."

"एवढा संशय, मॅडम?"

"संशय नाय सर. मागच्या वेळचं आठवतंय एवढंच."

ती जेवली. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. बाकीच्यांच्या ताटात मासा तसाच राहिला. माझी चंगळ झाली.

नंतर बरेच दिवस साहेब दुसरं नाव शोधत राहिले. पण नोटिशीच्या उत्तराखाली सही करायला दुसरा एकही साहेब पुढे आला नाही. शेवटी तिच्या अटी मान्य झाल्या. लाइन बंद झाली, टाक्या दुरुस्त झाल्या, गावातला वास गेला. सोमवारच्या मीटिंगला आता प्रयोगशाळेतली मालू बसते, बॉयलरवरचा शिवा बसतो. रविवारची जेवणं थांबली. माझी सुरमई गेली. कुरकुर करते, पण हौसाला सुट्टी मिळते, म्हणून गप्प राहते.

ऑफिसात फोटोवाले आले होते, हौसाच्या मागोमाग मीही गेले. तामारच्या हातात फुलं, शेजारी विशालसाहेब हसताहेत. "आता तरी इस्वास ठेव गो," हौसा मला म्हणाली. पण मी फोटो बघत नव्हते, केबिनच्या दारावरची पाटी बघत होते. मला वाचता येत नाही. हौसाची लेक अनिता मोठ्याने वाचत होती. "प्रभारी प्लँट हेड." साहेब सांगतात, नुसता कागदोपत्री शब्द आहे, कायमचा माणूस मिळेपर्यंत. प्रणितसाहेबांच्या पाटीवर तो नव्हता.

मी आता थकले. दिवसभर पायरीवर उन्हात पडून असते. तो फोटो तुम्ही पेपरात पाहिला असेल, टाळ्या वाजवल्या असतील. वाजवा की! पण कधी रोह्याला आलात तर त्या दारासमोर थांबा आणि पाटी पुरी वाचा. पहिला शब्द गाळू नका. आणि तो शब्द पुसला गेलेला दिसला, तर जाताना मला तेवढं सांगा. मी झोपलेली दिसेन. खुशाल हाक मारा, एक डोळा उघडाच असतो माझा.