फेरविचाराचा ठराव

टेसा रोरबाखने माझं काहीही वाईट केलेलं नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. केलं असतं तर कडाकडा भांडून मी मोकळी झाले असते.

आमच्या शाळेत ती शेती शिकवते, मी स्वयंपाक. नेब्रास्कातल्या आमच्या एवढ्याशा गावात अशा प्रत्येक विषयामागे मुलांची एक संघटना असते. तिचे पदाधिकारी, तिच्या सभा, जिल्ह्याच्या स्पर्धा, आणि नशीब असेल तर लिंकनला राज्याच्या स्पर्धा. माझी संघटना मी सव्वीस वर्षं चालवतेय. टेसाला येऊन जेमतेम तीन झाली. तिच्याकडे एक्केचाळीस मुलं आहेत. माझ्याकडे चार, आणि त्यातला एक फक्त गरम दालचिनी रोल खायला येतो.

एक्केचाळीसचं मला एवढं काही वाटलं नसतं. येसेनिया बारिएंतोसचं वाटलं. ही पोरगी नववीत माझ्याकडे आली तेव्हा तिला यीस्ट आणि बेकिंग पावडर यांतला फरक माहीत नव्हता. दोन वर्षांत तिचे रोल माझ्यापेक्षा हलके व्हायला लागले. मी ते गावभर सांगत फिरले, स्वतःची मुलगी असल्यासारखी. मग अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात ती माझ्या स्वयंपाकघरात आली ती टेसाच्या संघटनेचं निळं कॉर्डरॉयचं जाकीट घालून. छातीवर सोनेरी धाग्यात तिचं नाव.

"मिसेस कुबिचेक, मी सोडून जात नाहीये हं. दोन्हीकडे येईन."

"ये की," मी म्हणाले. "ओट्यावर जागाच जागा आहे."

ती दोनदा आली. तिसऱ्यांदा आली ती चाळणी परत द्यायला.

टेसाने तिला सभाशास्त्राच्या स्पर्धेत घातलं होतं. सहा मुलं परीक्षकांसमोर बसून एक खोटी सभा चालवतात. ठराव मांडायचा, अनुमोदन द्यायचं, दुरुस्ती सुचवायची, सगळं नियमाबरहुकूम. येसेनिया अध्यक्ष. जिल्ह्यात त्यांचा पहिला नंबर आला, आणि शाळेच्या दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी फलक लागला. माझ्या मुलांना तिसरं बक्षीस मिळालं होतं तेव्हा सूचनाफलकावर चिठ्ठी लागली होती. तीही कॅन्टीनच्या मेनूखाली.

राज्य सरकारने यंदा कायदा करून या संघटनांसाठी शाळांना पैसे दिले. वाटप कसं करायचं ते गावातल्या चार जणांच्या समितीने ठरवायचं, आणि त्या चारांत मी. शिवाय अध्यक्ष म्हणून धान्याच्या कोठारवाले ड्वेन वीसे, पण ते या चारांत नाहीत आणि त्यांना मत नाही. शाळेची स्वतःची तिजोरी बॉयलर फुटल्यावर रिकामी झाली होती. त्यामुळे टेसाने सरळ मागणी केली: यंदाचे सगळे पैसे लिंकनच्या प्रवासाला आणि मुक्कामाला द्या.

मी उठले आणि समान वाट्यावर भाषण ठोकलं. फार छान बोलले. सरकारचे पैसे सगळ्या मुलांचे, एकाच्याच ताटात सगळं का, वगैरे. माझी चार मुलं कुठेच जाणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. अर्ध्या पैशात टेसाची मुलं लिंकनला पोचणार नव्हती, हेही ठाऊक होतं.

सुतारकाम शिकवणारा वॉल्ट माझ्या बाजूने आला. "तुझं बरोबर की चूक ते मला कळत नाही, नॅडीन," तो कानाशी म्हणाला, "पण तिच्या पोरांनी माझी करवत अजून परत दिलेली नाही."

दोन विरुद्ध दोन. समसमान मतं म्हणजे ठराव पडला. आमच्या समितीचा नियम असा की पडलेला ठराव वर्षभर परत आणता येत नाही. मात्र ज्यांनी तो पाडला त्यांच्यापैकीच कोणी फेरविचार मागितला, तर आणता येतो. आणि वॉल्ट सोमवारी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ओमाहाला गेला.

बुधवारी येसेनिया स्वयंपाकघरात आली. मी राजमा-खिम्याच्या चिलीचं पातेलं ढवळत होते.

"उद्या सभा आहे ना," ती म्हणाली. "आणि शुक्रवारी लिंकनला नावं द्यायची शेवटची तारीख."

"मग?"

"फेरविचार फक्त तुम्हीच मागू शकता. तुम्ही तुमचं मत बदलू नका. हवं तर परत विरोधात द्या. मिस्टर वॉल्ट नाहीत, म्हणजे दोन विरुद्ध एक होईल. तुम्ही फक्त विषय उघडायचा."

इतकं स्वच्छ समजावलंन की मला तिचा अभिमान वाटला, आणि लगेच पोटात दुखायला लागलं, कारण हे तिला मी शिकवलेलं नव्हतं.

"तुला रोरबाख बाईंनी पाठवलं?"

"नाही. त्या म्हणाल्या, मिसेस कुबिचेकना कोणी त्रास द्यायचा नाही. त्यांनी विचार करूनच मत दिलं असेल." ती जाकिटाच्या बाहीशी चाळा करत होती. "बाई, आमच्या घरातलं कोणी लिंकनला गेलेलं नाही. मी पहिली असेन."

टेसाने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्या त्या चांगुलपणाने माझा नुसता तिळपापड झाला. तरी मी म्हणाले, "बघते." आणि खरंच सांगते, रात्री एका कागदावर मी ते वाक्य लिहून काढलं, अडखळायला नको म्हणून.

गुरुवारी चारला शाळेच्या ग्रंथालयात सभा भरली. सहाही मुलं निळ्या जाकिटांत मागच्या रांगेत होती. माझा कागद मुठीत. टेबलापलीकडे त्यांच्याकडे सहज नजर गेली तर टेसा येसेनियाची कॉलर सरळ करत होती. काहीतरी कुजबुजली, आणि पोरगी हसली. डोकं मागे टाकून, दात दिसेपर्यंत. माझ्या ओट्याशी दोन वर्षांत ती तशी एकदाही हसली नव्हती.

ड्वेननी कागद गोळा केले. "आणखी काही?"

मी गप्प बसले.

"काही नसेल, तर सभा संपली."

त्यांचा हातोडा वर गेला. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, अशा बेताने मी त्या हातोड्यावर डोळे लावून बसले होते. तो टेबलावर आपटला, आणि मग मी उभी राहिले.

"थांबा, ड्वेन. मला फेरविचार मागायचाय."

खुर्च्या सरकायच्या थांबल्या. ड्वेनचा चेहरा पडला. "अगं नॅडीन, संपली ना आत्ता."

"एका सेकंदाचा तर प्रश्न आहे," समितीतलं कोणीतरी म्हणालं.

"सेकंदाचाच असतो," ड्वेन म्हणाले. त्यांनी मागच्या रांगेकडे बघितलं. "या पोरांना वर्षभर हेच शिकवलं जातंय. आता त्यांच्यादेखत मीच नियम मोडू? पुढची सभा महिन्याने." मग हळूच म्हणाले, "माझंच चुकलं. घाई केली मी."

टेसा आली आणि तिने मला मिठी मारली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही प्रयत्न केलात," ती म्हणाली. "हे मी विसरणार नाही." बाकीचेही येऊन हात दाबून गेले. नॅडीनचं मन मोठं, असं दारातच कोणीतरी म्हणालं. मी मान खाली घालून ते सगळं ऐकून घेतलं, आणि मला ते गोड लागलं, हेही कबूल करते.

सगळे गेल्यावर येसेनिया खुर्च्या रचायला मागे राहिली. मी तिच्या हाताला हात लावला.

"फार वाईट वाटलं गं, पोरी. थोडक्यात चुकलं."

"चुकलं नाही," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "अध्यक्षाने हातोडा मारायच्या आधी खोलीतला प्रत्येक चेहरा बघायचा असतो. कोणाला बोलायचं असेल तर कळतं. मिस्टर ड्वेननी बघितलं नाही. मला सवय आहे, मी बघितलं."

मी एक खुर्ची उचलून दुसरीवर ठेवली.

"तुम्ही तो हातोडा खाली यायची वाट बघत होतात, मिसेस कुबिचेक."

एवढं बोलून ती तिथेच उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती टेसाला सोडून फक्त माझ्याकडे बघेल, एवढंच मला वर्षभर हवं होतं. आता ती नजर हटेना, आणि शेवटी मीच खाली बघितलं.