एंजुराचा ढोल

मी एक जुना ढोल आहे. पण मित्रांनो, मला कोणी घडवले नाही आणि माझ्यावर कुणी कातडेही ताणले नाही. मी आहे मुहिंबी, युगांडातल्या बुन्योरोच्या जंगलातला वृक्ष. माझी मुळे जमिनीत शिरण्याआधी बुंध्याभोवती फळ्यांसारखी उभी राहतात. त्यांच्यावर थाप पडली की आवाज ओढ्यापलीकडच्या टेकडीपर्यंत पोहोचतो. जंगलात झाडांना काय तोटा? तरी चिंपांझी वाजवायला माझ्याकडेच येतात. याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही.

मी रोपटे होतो तेव्हा मला कोणी विचारत नव्हते. मुळे रुंद झाली आणि एके सकाळी एक दांडगा नर धावत आला, माझे मूळ हातांनी धरून पायांनी दणादणा बडवून गेला. मी काय याचे घोडे मारले होते, असे मला वाटले. इतक्यात टेकडीवरून कोणीतरी ओरडून त्याला उत्तर दिले. तेव्हा कळले, हा मार नव्हता, निरोप होता.

तेव्हापासून मला ऐकायचा नाद लागला. चिंपांझी आधी हळू 'हू, हू' करतात, मग दम भरत आवाज चढवतात आणि शेवटी किंकाळी फोडतात. किंकाळीच्या भरात मला वाजवतात. याचा अर्थ, मी इथे आहे, तुम्ही कुठे आहात? प्रत्येकाचा गळा निराळा, प्रत्येक नराचा ठोकाही निराळा. उंबरासारखी फळे सापडली की ते खाता खाता हुंकारतात आणि बाकीचे लगेच गोळा होतात. साप दिसला तर हलकेच 'हू' करतात. गंमत अशी की, मागून येणाऱ्याला साप दिसलाय की नाही, हे पाहणारा पाहून घेतो. दिसला नसेल तर पुन्हा सांगतो. मोठ्या नरासमोर बाकीचे वाकून 'अं-हं, अं-हं' असा धापांचा नमस्कार करतात. परक्या टोळीचा नर दिसला तर मात्र नमस्कार नाही. मग एक तर आरडाओरडा, नाहीतर आया पिल्लांना पोटाशी धरून चिडीचूप पसार होतात.

एंजुरा हा माझा लाडका वादक. एंजुरा म्हणजे पाऊस. पाऊस आला की तो नाचायचा, म्हणून चिंपांझींची देखभाल करायला त्यांचा माग काढणाऱ्या माणसांनी हे नाव ठेवले. त्याचा ठोका तीन थापांचा, एकदा पाय, मग उजवा हात, मग पुन्हा पाय. धम-धम-धम.

एकदा कोणीतरी माझ्या मुळाशी तारेचा फास बांधून गेले. तो लहान हरणासाठी होता, कोणाच्या तरी घरच्या कालवणासाठी. त्यात अडकला एंजुराचा उजवा हात. त्याने हिसडा देऊन तार तोडली, पण फास मनगटात रुतून राहिला आणि तो दिसेनासा झाला. सापासाठी त्यांच्याकडे आवाज आहे, तारेसाठी नाही. मला तर स्वतःचा आवाजच नाही. मी सगळे पाहत होतो आणि मूग गिळून उभा होतो. त्याचे मला अजून वाईट वाटते.

तुटलेली तार पाहून माग काढणारे दोघे त्याला रोज शोधत. म्हातारा अराली आणि त्याच्या हाताखाली तयार झालेली अड्येरी. ही त्यांची लाडाची, मानाची नावे. बुन्योरोत अशा नावाने हाक मारल्याशिवाय भेट पुरी होत नाही. फास काढणारा डॉक्टर शहरातून येऊन तळावर थांबला होता आणि त्या दुपारी परत जाणार होता. हात कुजला असता तर एंजुरा वाचला नसता.

त्या सकाळी एंजुरा आला. हडकुळा, एकटा, उजवा हात छातीशी धरलेला. त्याने पायाने मला थाप दिली, थोडा थांबला, पुन्हा पायाने थाप दिली. धम... धम. मग तो पलीकडच्या झाडीत शिरला. तिथे दोन आया फळे खात होत्या.

ओढ्यावरून अराली आणि अड्येरी धापा टाकत आले.

"हा आपला नव्हे," अराली म्हणाला. "एंजुराचा ठोका मी झोपेतही ओळखेन. कोणी परका आलाय."

"परका आणि असा बिनधास्त वाजवेल?" अड्येरीने विचारले.

"तरणा असेल, माज असेल. एंजुराला यानंच मारलं असणार. चल, डॉक्टरांना सांगू, निघा म्हणून."

अरे, पाय तोच आहे! मला ओरडावेसे वाटत होते. पण ओरडू कशाने?

इतक्यात झाडीतून आवाज आला. अं-हं, अं-हं, अं-हं.

"थांबा," अड्येरी म्हणाली. "ऐकलंत?"

"ऐकलं. बाया घाबरल्यात."

"घाबरल्या असत्या तर गप पळाल्या असत्या. हा नमस्कार आहे. अराली, रस्त्यात अनोळखी माणूस भेटला तर त्याला तुम्ही लाडनावानं हाक मारता?"

"विचारल्याशिवाय कशी मारणार? मला काय माहीत त्याचं नाव?"

"त्या तर न विचारता मारतायत."

म्हातारा झाडीकडे वळला. मग हळूच म्हणाला, "पोरी, तुझे पाय चांगले आहेत. पळ. डॉक्टरांना घेऊन ये, मी याच्यावरून नजर हटवत नाही."

डॉक्टर आला. गुंगीचे इंजेक्शन देऊन त्याने तार कापली. एंजुरा वाचला, पण बोटे काळी पडली होती, ती वाचली नाहीत.

आता त्याचा ठोका दोन थापांचाच आहे. टोळीने तो शिकून घेतला. ओढ्यापलीकडून लगेच उत्तर येते आणि अराली म्हणतो, "आला आमचा राजा."

मित्रांनो, रानात जाल तेव्हा आधी ऐका. कुठे तारेचा फास दिसला, तर मोठ्या माणसांना सांगा, आणि त्यांनी मनावर घेईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगा. तुम्हाला आवाज आहे. एंजुरा येतो, पायाने पहिली थाप देतो, आणि मी दर वेळी त्याच्या हाताची वाट पाहतो.