बाप धावतो तो प्रवेश

अवधूतराव खांबेट्यांनी उभी हयात लोकांना झोपवण्यात घालवली. लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये ते भूलतज्ज्ञ होते. पेशंटशी त्यांचा संबंध यायचा तो आकडे उलटे मोजायला सांगण्यापुरता, आणि उत्तर पूर्ण ऐकण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. या धंद्यात फार बोलावं लागत नाही, हे त्यांच्या स्वभावाला मानवलं, की स्वभाव बघूनच त्यांनी धंदा निवडला, यावर त्यांची बायको श्यामला दोन्ही बाजूंनी वाद घालू शकत असे. श्यामला गेली आणि वाद संपला. निकाल लागला नाही.

त्यानंतर मराठी मंडळाच्या आशाताई त्यांच्या मागे लागल्या. "अवधूतराव, एकटे बसू नका हो. भजनाला या, ब्रिजला या, निदान योगाला तरी या."

अवधूतराव लॅटिनला गेले. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर ज्येष्ठांसाठी लॅटिनचा वर्ग चाले. तिथे कुणी आपल्याला 'आता कसं वाटतंय' असं विचारणार नाही आणि विचारलंच तर ते आपल्याला कळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. शाळेत त्यांनी संस्कृत घेतलं होतं. त्या काळी पुण्यात संस्कृत ही भाषा नव्हती, टक्केवारी होती. पण विभक्त्या घोकायची सवय हाडात मुरली होती आणि लॅटिन भराभर यायला लागलं. वर्ग घेणाऱ्या हिलरीबाई आयुष्यभर पोरांना लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना इतक्या वर्षांत गृहपाठ करणारा विद्यार्थी पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी त्याच आनंदात नाटक बसवायचं ठरवलं.

हिलरीबाईंनी समजावून सांगितलं ते असं. सोळाव्या शतकात, लंडनमध्ये तिकीट लावून नाटकं दाखवणारी थिएटरं उभी राहण्याआधी, शाळामास्तर स्वतःच नाटकं लिहीत. लॅटिनमध्ये. हेतू एवढाच की पोरांनी चारचौघांत न अडखळता लॅटिन बोलावं आणि जाता जाता सुधारावं. साचा जुन्या रोमन कॉमेडीचा घ्यायचा, त्यातला चावटपणा गाळायचा आणि शेवटी त्यावर बोधाचं पाणी शिंपडायचं. चावटपणा पूर्ण गाळला जात नसे. पोरं पाठांतर करत ती बहुधा म्हणूनच.

या मास्तरांची लाडकी गोष्ट उधळ्या मुलाची. मुलगा बापाकडून आपला वाटा मागून घेतो, परमुलखात जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते तेव्हा घर आठवतं. तो परत येतो. बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जातो आणि मिठी मारतो. एका निनावी मास्तराचं असंच एक नाटक हिलरीबाईंनी कापून-छाटून बेताचं केलं होतं. बरंचसं इंग्रजीत, पण शेवटचा प्रवेश मूळ लॅटिनमध्येच. बाप म्हणून त्यांनी अवधूतरावांना घेतलं. जी भूमिका त्या काळी बारा वर्षांचं पोर करायचं, ती अवधूतरावांना साठी उलटल्यावर मिळाली.

मुलाच्या कामाला टोबी नावाचा तरुण होता. कौन्सिलमध्ये तो कचऱ्याच्या तक्रारी घ्यायचा, त्यामुळे पश्चात्तापाचा त्याला सराव होता.

हिलरीबाईंनी आणखी एक खूळ काढलं. त्या काळच्या नाटकवाल्यांची रीत अशी, की पूर्ण नाटक नटाच्या हातात द्यायचंच नाही. हाताने नकला करायला कोण बसणार? ज्याला त्याला फक्त त्याची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते कानावर पडले की आपण बोलायचं. तो त्याआधी किती बोलणार, काय बोलणार, हे तुम्हाला ठाऊक नाही.

"लग्नासारखंच," टोबी म्हणाला. त्याचं लग्न व्हायचं होतं.

शेवटच्या प्रवेशात अवधूतरावांसाठी खुणेचे शब्द होते मुलाचे, 'मी लायक नाही'. ते आले की धावायचं. पहिल्याच तालमीत घोळ झाला. टोबीच्या भाषणात ते शब्द तीनदा येत होते. अवधूतराव पहिल्याला पुढे झाले, टोबी आपला बोलतच राहिला, मग ते थबकून मागे गेले आणि दुसऱ्याला पुन्हा आले.

"थांबू नका!" हिलरीबाई आनंदाने ओरडल्या. "मास्तराने मुद्दामच केलंय ते. बापाला पुढचं ऐकायचंच नाहीये. माफी पुरती मागून होण्याआधीच तो देऊन टाकतो. पहिला शब्द आला की सुटा!"

अवधूतराव सुटले. पण पोचल्यावर त्यांनी टोबीला असं काही धरलं, की हिलरीबाई म्हणाल्या, "नाडी बघताय का त्याची?"

असं आठवडाभर चाललं. धावणं जमत होतं, पोचणं जमत नव्हतं.

अवधूतरावांना खराच एक मुलगा होता. वरद. त्याने काहीच उधळलं नव्हतं. मेडिकलचं शिक्षण तेवढं अर्ध्यावर सोडलं आणि हाउन्सलोला राहून विमानतळावर कार्गोत नोकरी धरली. तिथे तो खूश होता, आणि हेच अवधूतरावांना कळत नव्हतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारणं बंद केलं. मंडळात कुणी चौकशी केली तर 'एव्हिएशनमध्ये आहे' म्हणत. एकदा वरदच्या देखत म्हणाले. पुढे वरद यायचा तो बाबा गोल्फला गेले की, आईला भेटायला. आईच्या शेवटच्या आजारात तेही कमी झालं, कारण बाबांनी गोल्फ सोडलं होतं.

श्यामला गेली त्या सकाळी वरद हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये धापा टाकत आला, उशिरा. बापासमोर उभा राहून म्हणाला, "बाबा, माझा चुकलं. मी जास्त यायला पाहिजे होतो. सॉरी, बाबा." तो रडत होता. हात थोडे पुढे आले होते.

अवधूतराव म्हणाले, "गाडी कुठे लावलीस? तिकीट काढलंस ना?"

पोटात काहीतरी वेगळंच होतं. ओठांवर हे आलं. वरदने डोळे पुसले, "हो, काढला," म्हणाला आणि आईजवळ जाऊन बसला. तेव्हापासून दिवाळीला एक मेसेज आणि वाढदिवसाला एक.

तर त्या आठवड्याच्या शेवटच्या तालमीत टोबी बोलायला लागला आणि अवधूतरावांना समोर हॉल दिसेनासा झाला. कॉरिडॉर दिसला. पहिला 'मी लायक नाही' आला आणि ते असे धावले की वाटेतलं बाक पडलं. त्यांनी टोबीला छातीशी घट्ट धरलं, त्याच्या केसांत तोंड खुपसलं आणि मास्तराची ती चार वाक्यं, 'हा मेला होता, जिवंत झाला' वगैरे, हुंदक्यांतून अशी बाहेर पडली की हिलरीबाईंनी चष्मा काढला. लॅटिनमध्ये सगळं सोपं होतं. त्या भाषेत त्यांनी कधी कुणाला गप्प केलं नव्हतं.

"कोण दिसलं तुम्हाला?" हिलरीबाईंनी हळूच विचारलं.

"कुणी नाही. बाक दिसलं नाही," अवधूतराव म्हणाले.

पण त्यांना वाट सापडली होती. जे आपल्याला वरदला सांगता येत नाही ते त्याने येऊन बघावं. बघितलं की कळेल; न कळायला तो काही मूर्ख नाही. एक अख्खी संध्याकाळ खर्चून त्यांनी मेसेज लिहिला : 'शनिवारी नाटक आहे. मी आहे. वेळ असल्यास ये.' उत्तरादाखल एक अंगठा आला. अंगठ्याचा अर्थ येतो, बघतो, की वाचलं, हे ठरवण्यात त्यांची पुढची संध्याकाळ गेली.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बऱ्यापैकी गर्दी झाली. ज्येष्ठांच्या वर्गाचे नातेवाईक, टोबीच्या ऑफिसातले चारपाच आणि मंडळातून आशाताई, चिवड्याचा डबा घेऊन. पडदा नव्हताच. अवधूतराव कापसाची दाढी लावून कडेला उभे होते आणि दारावर नजर ठेवून होते. नाटक सुरू झालं. मुलाने वाटा मागितला. दार उघडलं नाही. मुलगा जुगारात हरला, लोक हसले. डुकरं आली, म्हणजे वर्गातली दोन माणसं गुलाबी टोप्या घालून आली, आणि त्यांच्या मागोमाग दारातून कार्गोचं पिवळं जाकीट घातलेला एक माणूस आत आला आणि भिंतीशी उभा राहिला.

वरद जाड झाला होता. केस कपाळावरून मागे गेले होते, नेमके अवधूतरावांसारखे.

शेवटचा प्रवेश आला. टोबी बोलू लागला. भिंतीकडे बघायचं नाही असं अवधूतरावांनी ठरवलं होतं, आणि त्यांनी बघितलं नाही. पहिला शब्द आला आणि ते धावले. हिलरीबाई नंतर म्हणाल्या, की चारशे-पाचशे वर्षांत कुठल्या शाळेतल्या कुठल्या पोराने हे इतकं खरं केलं नसेल. अवधूतरावांचा आवाज फाटला. हात टोबीच्या पाठीवरून, मानेवरून, चेहऱ्यावरून असे फिरले, जसे आंधळ्याचे फिरावेत. आशाताई मराठीत मोठ्याने "अगं बाई गं" म्हणाल्या. लोक उभे राहिले.

नंतर चहा होता. वरद गर्दी ओसरेपर्यंत थांबला. मग आला.

"हाय, बाबा."

"आलास."

"हो. ट्रॅफिक होता, नाहीतर स्टार्टिंगपासून बघितला असता." तो थोडं हसला. "गुडघा कसा आहे तुमचा? यू वर प्रॉपरली रनिंग."

"ठीक आहे. ते नाटकात तसंच आहे, पहिला शब्द आला की सुटायचं." अवधूतरावांना पुढचं बोलायचं होतं, पण आधी त्याने काहीतरी म्हणावं असंही वाटत होतं. "कसं वाटलं?"

वरदने हातातला कागदी कप फिरवला.

"छान होती. आय मीन, खूपच छान होती." पुढचं तो एकेक शब्द शोधून बोलला, घरच्या भाषेत, जी तो आईशिवाय कुणाशीच बोलत नसे. "आई नेहमी सांगायची मला. म्हणायची, बाबांना येत नाही रे ते. आत असतो सगळं, पण बाहेर काढायला येत नाही. काही लोकांना शिट्टी येत नाही ना, तसा. मग मी म्हटलं, ओके. येत नाही तर काय करणार? त्यांचा काय दोष? मी इतकी वर्षं तेच धरून होतो, बाबा. इट वॉज फाइन. खरंच."

अवधूतरावांनी कापसाची दाढी हनुवटीवरून खाली ओढली.

"पण तुम्हाला येतं," वरद म्हणाला.

मागे कुणीतरी खुर्च्या एकावर एक ठेवत होतं. टोबी लांबून हात हलवत होता, आपल्या नाटकातल्या बापाला.

"ते तुझ्यासाठीच होतं," अवधूतराव म्हणाले. "तुलाच होतं ते. तालमीत मला तू..."

"तो टोबी होता, बाबा."

"वरद, माझं चुकलं."

हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. मराठीत, आणि कुणी सांगितलं नसताना. आवाज कापला. डोळे भरले. हात पुढे आले. नाटकात आले होते तसेच आले, कारण माणसाला हात दोनच असतात आणि पुढे करायची रीतही एकच.

वरद त्या हातांकडे बघत राहिला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. राग असता तर अवधूतरावांना तो ओळखीचा वाटला असता. एखाद्या पार्सलवरचा पत्ता नीट लागत नाही तेव्हा माणूस जसा बघतो तसा तो बघत होता.

"मला कळत नाहीये," तो शेवटी म्हणाला. "हे खरं आहे की... आय ऑनेस्टली कान्ट टेल. सॉरी, बाबा. आधी, तुम्ही काहीच बोलायचे नाही तेव्हा, मला कळायचं."

"खरं आहे रे."

"त्याला पण असंच म्हणालात ना. असाच आवाज होता." त्याने कप टेबलावर ठेवला. "माझा शिफ्ट आहे आता. जातो."

आणि मग त्याने एक गोष्ट केली. तो वाकला. पिवळ्या जाकिटासकट नीट वाकून त्याने बापाच्या पायांना हात लावला, उजवा, मग डावा, आणि तो हात कपाळाला नेला. श्यामलाने लहानपणी शिकवलं होतं, मंडळाच्या गणपतीत ज्यांना आपण ओळखत नाही अशा काका-आजोबांना करायला. अवधूतरावांचे पुढे आलेले हात अधांतरीच राहिले होते, त्यातला एक त्याच्या डोक्यावर ठेवायला ते खाली आणणार, तेवढ्यात तो सरळ उभा राहिला आणि दाराकडे निघालाही होता.

आशाताई डबा घेऊन पोचल्या.

"अहो अवधूतराव, काय काम केलंत! रडवलंत की आम्हाला. आणि हा वरद ना? बघा, भर हॉलमध्ये वाकून नमस्कार! हल्लीची मुलं करतात का कुठे? आमचा मिहीर नुसतं 'हाय' म्हणतो, तेही फोनमधून मान वर न काढता. कसे संस्कार केलेत हो तुम्ही?"

"श्यामलाचे आहेत," अवधूतराव म्हणाले. "मी काही नाही केलं."

"विनय बघा!" आशाताई कुणाला तरी म्हणाल्या आणि त्यांनी चिवडा पुढे केला. अवधूतरावांनी तो हातावर घेतला. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ती रस्त्याला लागून ऐकू येईनाशी होईपर्यंत ते तसेच मूठ धरून उभे राहिले, आणि आशाताई, चांगल्या स्वभावाच्या बाई, मीठ कमी झालंय का म्हणून विचारत राहिल्या.