हातचा एक

"मागच्या सीटवरचं सगळं उचला सर, मला सीटच काढायचीय," मिस्त्री म्हणाला आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. सकाळपासूनची ही चौथी गाडी होती. वाकायला काही वाटत नव्हतं, पण वाकल्यावर परत वर यायला हल्ली कशाचा तरी आधार लागे.

सरांनी छत्री उचलली, पाण्याची बाटली उचलली, ताईसाठी घेतलेली मऊ उशी काखेत मारली. "अरे, टाकी गळतेय म्हणून सांगतोय ना? खालून बघ की, हातच्या!"

सगळी पेठ त्याला मिस्त्री म्हणे. हातच्या म्हणणारे एकटे सर. पाचवीत बेरीज करताना हातचा धरायला तो हमखास विसरे, आणि सरांनी भर वर्गात ठेवलेलं ते नाव शाळा सुटली तरी सुटलं नव्हतं. आता सत्तावन्नावं लागलं होतं, दोन नातींचा आजोबा झाला होता, तरी सरांच्या तोंडून ते ऐकताना त्याला राग येत नसे. उलट दुसऱ्या कुणी तसं म्हटलं असतं तर त्याने पान्हाच उगारला असता.

गाडी तेवीस वर्षांची होती. तिचा पेट्रोलचा काटा गेली सहा वर्षं शून्यावर लोळत पडला होता आणि सरांनी त्याची कधी पर्वा केली नव्हती. टाकी फुल केली की गाडी तीनशे नव्वद किलोमीटर जाते. प्रत्येक फेरीचे किलोमीटर वहीत मिळवत जायचे आणि पुढच्या फेरीत साडेतीनशेच्या वर जाणार असं दिसलं की आधी टाकी भरायची. काटा आळशी लोकांसाठी असतो, असं सर म्हणत. सहा वर्षांत गाडी एकदाही अडली नाही.

आणि गेल्या दोन महिन्यांत दोनदा अडली. दुसऱ्यांदा तर परवा गुरुवारी, ऐन पुलावर. मागे ट्रकांची रांग, डोक्यावर ऊन, आणि ऐंशी वर्षांचे सर बॉनेटला टेकून उभे. मुलगी ऑफिस अर्ध्यावर टाकून धावली. तिने बापाला चार शब्द सुनावले आणि शेवटी सांगितलं, "गाडीत दोष निघाला तर ठीक आहे बाबा. नसेल, तर किल्ली माझ्याकडे."

किल्ली गेली म्हणजे ताई गेली. पाच भावंडांतली सर आणि ताई, ही दोनच उरली होती. ताई एकोणतीस किलोमीटरवर, अंथरुणाला खिळलेली. सर सोमवारी आणि गुरुवारी तिच्याकडे जाऊन बसत, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत, थोडं भांडत आणि परत येत. बसने जायचं तर दोन ठिकाणी बदलायची, आणि बसच्या पायऱ्या सरांच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या.

मिस्त्रीने सीट काढली. खालचं गोल झाकण उघडून टाकीवरची वायर सोडवली. "किल्ली फिरवा सर, फक्त काट्याकडे बघा," म्हणत त्याने वायरचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकवलं.

"चढला! अरे, फुलवर गेला!" सर लहान मुलासारखे ओरडले.

"म्हणजे काटा ठीक, वायरही ठीक. आजार टाकीत आहे." त्याने टाकीतलं पेट्रोल मोजणारं युनिट अलगद बाहेर ओढलं. त्याच्या दांडीला काडेपेटीएवढा प्लास्टिकचा फ्लोट होता. तो कानाशी धरून त्याने हलवला. आत डुचमळलं. "हे बघा. तरंगायचं हे, तर त्याच्याच पोटात पेट्रोल शिरलंय. बुडून बसलंय तळाला. काटा वर येणार कुठून?"

जुन्या सामानाच्या पेटीत तसाच एक फ्लोट सापडला. तो बसवून, सगळं जागच्या जागी लावून मिस्त्री पुठ्ठ्यावर आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. टाकीवरून, पाइपावरून, प्रत्येक जोडावरून त्याने कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. चाकाला धरून तो कण्हत बाहेर आला.

"गळत नाहीये सर. थेंब नाही."

"मग पेट्रोल गेलं कुठे?" सरांचा आवाज चढला. "गुरुवारी वहीत दोनशे चौऱ्याहत्तर होते. शंभराच्या वर किलोमीटर शिल्लक होते माझे! घे, तूच बघ." वही त्याच्या हातात कोंबून ते नळावर हात धुवायला गेले.

अक्षर तेच होतं, मोत्यासारखं. मिस्त्रीने शेवटचं पान काढलं. तळाशी गुरुवारचे २७४. त्याच्या वरची बेरीज, २७८ अधिक ५८. खाली रेघ. रेघेखाली २२६.

त्याला पहिल्यांदा वाटलं, आपलंच चुकतंय. बेरजेच्या बाबतीत त्याचा स्वतःवर काडीचा विश्वास नव्हता. त्याने खडू घेतला आणि खाली फरशीवर आकडे मांडले, बोटं मोजत. ३३६ आले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग त्याने वहीची मागची पानं उलटली. तिथे प्रत्येक बेरजेच्या डोक्यावर बारीकसा १ होता. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत होता. नंतरच्या पानांवर तो कुठेच नव्हता.

सरांची एक तरी चूक आपल्याला सापडावी, असं पाचवीत त्याला रोज वाटायचं. आता सापडली होती, आणि ती कुठे लपवावी हे त्याला सुचत नव्हतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. सरांची मुलगी.

"काका, खरं सांगा. दोष गाडीत होता का?"

"गाडीतच होता. फ्लोट गेला होता. बदललाय."

"म्हणजे बाबांचं काही नाही ना?"

"छे! त्यांना काय झालंय," असं म्हणून त्याने घाईने फोन ठेवला. वळून बघतो तर सर मागेच उभे. चष्मा नाकावर, नजर फरशीवरच्या खडूकडे.

"हे तू मांडलंस?"

"असंच सर. माझं कधी बरोबर येतं?"

सरांनी त्याच्या हातातून वही घेतली आणि स्टुलावर बसले. बोट आकड्यांवर ठेवून ते पुटपुटू लागले. "आठ आणि आठ सोळा. सोळाचे सहा..." बोट थांबलं. "सहा..." ते पुन्हा म्हणाले. शेजारच्या दुकानात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. सर डोळे बारीक करून त्या जागेकडे बघत राहिले, तिथे काहीतरी असायला हवं एवढं त्यांना कळत होतं. मिस्त्रीला ते बघवेना.

"हातचा एक, सर," तो हळूच म्हणाला.

"एक," सर म्हणाले. मग पुढची बेरीज त्यांनी सावकाश, न चुकता केली. तीनशे छत्तीस. त्यात गुरुवारचे अठ्ठावन्न मिळवले की तीनशे नव्वदच्या पार. त्यांनी वही मिटली.

"तिला फोन लाव," ते म्हणाले. "आणि खोटी उत्तरं द्यायला मी तुला शिकवलं नव्हतं."

मिस्त्रीने फोन लावून दिला. "गाडी ठणठणीत आहे," सर मुलीला म्हणाले. "गणित माझं चुकलं. हो, माझंच... नाही, आत्ताच नाही, दोन महिने चुकतंय. संध्याकाळी येऊन किल्ली घेऊन जा." पलीकडून ती काहीतरी बोलत होती. "सोमवारचं सोमवारी बघू," ते म्हणाले आणि त्यांनी फोन मिस्त्रीकडे परत दिला.

मिस्त्रीने हात पुसून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं. सरांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. मग काखेतली उशी सावरत, गाडीला पुढून वळसा घालून ते पलीकडच्या दाराने आत बसले.

"घरापर्यंत सोड मला. सावकाश चालव."

पेठेतून गाडी बाहेर पडली. सर ताठ बसून सरळ समोर बघत होते. चौकापाशी एक सायकलवाला आडवा आला, तेव्हा सरांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर करकचून दाबला गेला. मिस्त्रीने ते पाहिलं, आणि त्याच वेळी ब्रेक लावला.