निरोप फार लांब आहे

दादा गेला तरी ऑफिसातला त्याचा कॉम्प्युटर बोलायचा थांबला नाही. घरबसल्या त्यात शिरलं की काळ्या पडद्यावर ओळ उमटायची: ‘आलात? बसा. मी जरा जाऊन येतो.’ दादानेच ती लिहून ठेवली होती. सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं, कॉम्प्युटरला कळवायचं राहून गेलं होतं.

दादाची बहीण, जिला सगळे धाकटीच म्हणत, सकाळपासून वहिनीच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसली होती. तिची नोकरी इंटरनेट कंपनीच्या मदत-क्रमांकावरची. दिवसभर लोकांना ‘बंद करून परत चालू करा’ सांगायचं आणि लोकांनी आभार मानायचे. आज तिने स्वतःच बंद करून परत चालू करून पाहिलं होतं. आभार मानण्यासारखं काही घडलं नाही.

दादाने लेकीचे व्हिडिओ ऑफिसच्या मशीनवर ठेवले होते, कारण घरच्यात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. फोन अपघातात त्याच्याबरोबरच गेला. आणि परवा जेवता जेवता पोरीने विचारलं होतं, “आई, बाबांचा आवाज कसा होता गं?” चार वर्षांची पोर, विचारून पुढचा घास मागून मोकळी झाली. वहिनीने जाड आवाज काढून पाहिला. तो तिच्या स्वतःच्या वडिलांसारखा आला. मग ताट तसंच टाकून तिने धाकटीला फोन लावला. ऑफिसवाले ते मशीन आज दुपारी आतलं सगळं पुसून नव्या माणसाला देणार होते.

धाकटीने पुन्हा हुकूम टाइप केला. फाइल आणणारा हा प्रोग्राम जुन्या वळणाचा. ना चित्र, ना बटण, लिहून द्याल तेवढंच करायचा. तो गेला आणि तोंड पाडून परत आला.

“काय म्हणतोय?” वहिनीने विचारलं.

“म्हणतोय, आलेला निरोप फार लांब आहे.”

“कुणाचा निरोप?”

“ते नाही सांगत. नुसती लांबी सांगतो.” लांबीचा आकडा अब्जांत होता.

फोनवर दादाचा ऑफिसातला दोस्त होता. दादाने त्याचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. ते इतकं चिकटलं की तो आता फोन उचलूनही ‘गोगलगाय बोलतोय’ म्हणायचा, सावकाश.

“व्हिडिओ मोठा असेल,” गोगलगाय म्हणाला.

“छोटा मागितला. तेच.”

“अजून छोटा?”

“अहो, रिकामी फाइल मागितली. आत काना-मात्रा नाही. तरी म्हणे निरोप फार लांब आहे.”

“आणि आकडा?”

“तोच. दर वेळी तोच.”

“मग फाइलचा दोष नाही,” तो म्हणाला. “आकडा वाच बघू. एकेक अंक.”

धाकटीने वाचला. गोगलगाय तो मोडून पाहीपर्यंत वहिनीची भांडी घासून झाली.

“हा आकडा नाहीच आहे,” गोगलगाय म्हणाला. “हा ‘आ’ आहे. आणि पुढच्या ‘ल’चा एक कोपरा.”

प्रकार असा होता. हा प्रोग्राम दुसऱ्याच्या दारात गेला की आधी एक आकडा ऐकायला थांबतो: पुढे येणारा निरोप केवढा आहे, त्याचा. त्याआधी कुणी चकार शब्द काढायचा नाही. इथे दार उघडताच दादा म्हणायचा, ‘आलात?’ मशीनच्या पोटात अक्षरंही आकडेच असतात, त्यामुळे त्याचं ‘आ’ प्रोग्राम आकडा म्हणून वाचायचा आणि एवढा लांब निरोप ऐकत बसायला आपण मोकळे नाही, असं म्हणून काढता पाय घ्यायचा.

“म्हणजे हा दारात उभा राहून बोलतोय,” वहिनी म्हणाली.

“हो.”

“आणि म्हणून आतलं बाहेर येत नाही.”

“हो.”

“मग नवीन काय सांगता? पाहुणे निघाले की ह्याला दारात कंठ फुटायचा. एकदा तुझे मामा-मामी कंटाळून परत आत येऊन झोपले होते.”

गोगलगाय फोनमध्ये हसला आणि मधेच थांबला. “त्या ओळीच्या आधी एक खूण टाक, धाकटे. मशीन तेवढी ओळ सोडून पुढे जाईल.”

“पुसायची नाही?”

“गरज नाही. ओळ असते तिथेच. फक्त बोलत नाही.”

धाकटीने त्या ओळीची फाइल उघडली. ओळ समोर होती. आपल्या भाषेत जाणारा माणूस ‘येतो’ म्हणूनच जातो. दिलेल्या शब्दाला जागायचं तर सगळ्या गेलेल्यांना परत यावं लागेल, म्हणून ही गोष्ट कुणी फार ताणून धरत नाही. धाकटीचं बोट कळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. लहानपणी तिने दादाला हजारदा ‘गप रे’ म्हटलं होतं. तेव्हा तो उलट बोलायचा, ही मोठी सोय होती.

“सरक,” वहिनी म्हणाली. ओल्या हाताने तिनेच कळ दाबली. “बाजूला हो रे जरा,” ती पडद्याला म्हणाली. “पोरीचं काम आहे.”

धाकटीने हुकूम पुन्हा दिला. प्रोग्राम गेला. कुणी हटकलं नाही. फाइली एकामागून एक मुकाट येऊ लागल्या.

“आल्या का?” गोगलगायने विचारलं. “माणसं मशीन न्यायला आलीत.”

“आल्या सगळ्या. नेऊ दे,” वहिनी म्हणाली.

टेबलाखाली घर मांडून बसलेली पोर बाहेर आली, आत्याच्या मांडीवर चढली. पहिल्या व्हिडिओत ती एका बुटाला रागावत होती. दुसऱ्यात खुर्चीला झोपवत होती. तिसऱ्यात तिने दिलेलं भाषण लांबलचक होतं आणि विषय कळत नव्हता. दादा कुठेच नव्हता. कॅमेरा धरून असायचा तोच, आणि धरून असताना एक शब्द बोललेला नव्हता. पोरीचं बोलणं नीट यावं म्हणून.

वहिनी पुढचा लावत गेली, मग त्याच्या पुढचा. “उभ्या जन्मात गप्प बसला नाही,” ती म्हणाली, “आणि बसला तो नेमका इथे.”

शेवटी बुटाचाच व्हिडिओ तिने पुन्हा लावला, आवाज पूर्ण वाढवून. पोर बुटाला म्हणाली, “परत उशीर केलास तर मोजा मिळणार नाही.” आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ कुणीतरी नाकातून हवा सोडली. फुस्स. हसू दाबल्यासारखी.

वहिनीने ते मागे नेलं. फुस्स.

“कोण आहे?” पोरीने विचारलं.

“बाबा.”

“बाबा असं बोलायचे?”

धाकटीने वहिनीकडे पाहिलं. वहिनी पडद्याकडेच बघत होती.

“तू बोलत असलीस की असंच,” वहिनी म्हणाली.

पोरीने विचार केला. मग तोंड मिटून नाकातून हवा सोडून पाहिली. ती शेंबडासकट आली. धाकटीने पदराने पुसायला जावं आणि आपण जीन्स घातली आहे हे आठवावं, तोवर पोरीने पुन्हा करून पाहिलं.

“असं?” तिने विचारलं.

“थोडं हळू,” वहिनी म्हणाली.