खिशातला फ्यूज

सकाळी अकराच्या सुमारास एका सहा मजली इमारतीची लिफ्ट खाली आली आणि तळाच्या खड्ड्यात काम करणाऱ्या थोरल्या भावाचा डावा पाय चिरडला. गच्चीवरच्या खोलीतून ती चालू केली होती धाकट्याने.

दोघेही लिफ्टदुरुस्ती करायचे. नियम थोरल्याचा होता : खड्ड्यात उतरणाऱ्याने वरचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. फ्यूज खिशात, तर जीव खिशात. मात्र काम उरकून बाहेर आला की तो फ्यूज परत द्यायला हटकून विसरायचा. "दादा, एक दिवस तू लिफ्टच खिशात घालून घरी जाशील," असं चिडवत धाकटा पेटीतला दुसरा बसवायचा.

त्या दिवशी पाचव्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या. "अहो, चालू करताय की आम्ही पंख लावून घेऊ?" धाकट्याने खाली हाक मारली. ओ आली नाही. दादा चहाला गेला असणार आणि नेहमीसारखा फ्यूज घेऊनच गेला असणार, असं तो धरून चालला. पेटीतला फ्यूज बसवला आणि बटण दाबलं.

दवाखान्यात थोरला शुद्धीवर होता. त्याने धाकट्याला जवळ वाकायला लावलं.

"माझे कपडे कुठंयत?"

"माझ्याकडे. नर्सनं दिले."

"शर्टाच्या खिशातला फ्यूज काढून घे. हवालदार कपडे मागणार. मी फ्यूज काढलाच नाही आणि चालू कर म्हणून मीच ओरडलो, असं सांगितलंय त्याला."

"नाही दादा. मी खरं सांगतो."

"सांग की. तुझा परवाना जाईल, वर खटला. आता आपल्या दोघांत मिळून पाय तीन. तेही घरी बसवायचे का? पोरांनी काय खायचं?" बोलता बोलता त्याने दात आवळले. "शहाणा आहेस ना? मग तोंडाला कुलूप."

तेवढ्यात बाहेर हवालदाराकडून सगळं ऐकून वहिनी आल्या. पांघरुणाखालच्या डाव्या पायाकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि तिकडे पुन्हा बघितलं नाही.

"अहो, नव्या पोरांकडून हा नियम घोकून घ्यायचात. जेवताना तेच पुराण, झोपताना तेच. आणि स्वतः तसेच उतरलात?"

"चुकलं माझं," थोरला म्हणाला.

"चुकलं म्हणे! आमचा काही विचार?" त्या धाकट्याकडे वळल्या. "भावजी, तुम्ही तरी लक्ष ठेवायचं होतंत."

धाकट्याच्या मुठीत फ्यूज होता. त्याने तोंड उघडलं. थोरल्याने नुसतं पाहिलं त्याच्याकडे, लहानपणी त्याच्या वाटचा मार स्वतः खायच्या आधी पाहायचा तसं. धाकट्याने मान खाली घातली.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल, रक्त फार गेलंय, खात्री देता येत नाही. थोरल्याला आत नेलं. हवालदाराने धाकट्याला चौकीत नेलं, कपडे ताब्यात घेतले आणि थोरल्याचा जबाब मोठ्याने वाचला. "'माझ्याच निष्काळजीपणामुळे.' बरोबर आहे ना? तसंच तुझंही लिहितो."

"पाणी मिळेल?" धाकट्याने विचारलं.

पाणी दिलं. तो प्यायला नाही.

दिवे लागले तेव्हा शस्त्रक्रिया संपल्याचा निरोप आलेला नव्हता. हवालदाराचा कागद धाकट्यासमोर होता. त्यावर फक्त भावाशी असलेलं नातं लिहून झालं होतं.