खोलीखोलीतले बाबा

"परत तेच विचारतंय," बाहेरून तात्या म्हणाले. "मी हो म्हणतो. तू त्यांचा फोटो काढ."

पद्मजा आत, निळ्या पडद्यासमोर बसलेल्या बाईंचा पासपोर्ट साइज फोटो काढत होती. "तात्या, थांबा. कशालाही हात लावू नका. मी आलेच."

"अगं, मशीन इतकं अदबीनं विचारतंय. नाही कसं म्हणायचं?"

फ्लॅश पडला आणि बाईंनी डोळे मिटले. पुन्हा काढावा लागला. बाहेर तात्यांचं एक बोट कीबोर्डवर पडत होतं. ठराविक अंतरानं, दारावर टकटक केल्यासारखं. ती बाहेर आली तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून समाधानानं चष्मा पुसत होते.

"झालं बघ. दर वेळी विचारत होतं, दर वेळी हो म्हटलं."

पद्मजानं कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावरच्या ओळी वर सरकवून वाचल्या. मग नवा फोल्डर उघडला. त्यात एकच फाईल होती. बाबा.

तात्यांच्या करी रोडच्या स्टुडिओला इतकं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. समोरची चाळ पाडायची होती, टॉवर येणार होता, आणि खोल्या सोडण्याआधी घरोघरचे भिंतीवरचे फोटो नव्यानं करून हवे होते. ते खराब झाले होते गिरणी संपात. गिरण्या बंद पडल्यावर माणसं खोल्यांना कुलपं लावून गावी गेली, आणि ती परतेपर्यंतचे पावसाळे छपरातून, भिंतींतून आत झिरपले. चेहरे काचेला चिकटले. वीस वर्षं ते तसेच टांगलेले होते. तात्यांनी अख्ख्या चाळीची ऑर्डर घेतली आणि फोटो पद्मजाच्या पुढ्यात ठेवले. केमिस्ट्रीत बीएस्सी झालेली पद्मजा इथं डार्करूमसाठी लागली होती. डार्करूम बंद झाली, आता ती कॉम्प्युटरवर चेहरे साफ करत असे.

तिनं मजल्यांचे फोल्डर केले होते, मजल्यात खोल्यांचे. प्रत्येक खोलीत मूळ फोटो, अर्धवट सोडलेले दहा प्रयत्न आणि पूर्ण झालेला एक. पूर्ण झालेल्याचं नाव सगळीकडे बाबाच. काउंटरवर येणारा कोणी नाव सांगतच नसे. "बाबांचा आहे," म्हणे, तात्या पाकिटावर तेच लिहीत, आणि कोणाचे बाबा ते खोलीवरून कळे.

जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकल्यावर त्याची डिस्क तिनं नव्याला जोडली. नव्यावर तशाच खोल्या तयार होत्या, त्यांत फक्त मूळ फोटो होते. जुन्या डिस्कवरचे तयार फोटो तेवढे ज्याच्या त्याच्या खोलीत न्यायचे होते. माऊसनं एकेक फोल्डर उघडला की जड फाईलींनी मशीन गोठायचं, म्हणून तिनं काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून काम करायचं ठरवलं. पहिली आज्ञा वाया गेली; मशीननं शून्य फाईल्स म्हणून उत्तर दिलं. दुसरीही तशीच. तिसरी तिनं चिडून लिहिली. सगळ्या खोल्या फीर आणि बाबा दिसतील ते इथं आणून ठेव. ते 'इथं' म्हणजे एकच फोल्डर आहे, हे चिडण्याच्या भरात सुटलं.

"म्हणजे मी घोळ घातला?" तात्या म्हणाले.

"आधी मी घातला. एका खोलीत सगळ्यांना बोलावलं. एका नावाचा आत एकच मावतो. पुढचा आला की आधीचा पुसला जातो. ते विचारत होतं, आधीचा पुसू का?"

तात्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पण जुनीवर आहेत ना सगळे?"

"आहेत. पण तिला उगाच सगळी फिरवून आणली. बघा, आवाज करतेय."

तिनं पुन्हा लिहिलं. कुठून, कुठे, कोणतं नाव, आणि सकाळी विसरलेलं शेवटचं एक अक्षर, ज्यामुळे मशीन खोल्यांची रचना तशीच ठेवून आत शिरतं. ओळी उमटू लागल्या. तळमजला. तळमजला. पहिला मजला. तिनं खुर्चीची कड धरली. दुसऱ्या मजल्याच्या मधेच डिस्कमधून टकटक ऐकू आली, मग खरवडल्यासारखं काहीतरी, मग काहीच नाही. पडद्यावरच्या ओळी तिथंच थांबल्या.

"टीव्हीला मारतो तशी एक थाप मारू?" तात्यांनी विचारलं.

"मारा," ती म्हणाली. त्यांनी मारली नाही.

सखुबाई आल्या त्या याच वेळी. तिसऱ्या मजल्यावरच्या, मधल्या खोलीतल्या. उद्या त्या लेकीकडे गावी जाणार होत्या, फोटो घेऊन. नवऱ्याचा, गुणाजींचा तेवढा एकच फोटो; गिरणीच्या साचेखात्यातल्या माणसांच्या घोळक्यातून कापलेला, आणि ओलीनं चेहऱ्याची डावी बाजू कपाळापासून गालापर्यंत पांढरी करून टाकलेली. पद्मजानं त्यावर कित्येक दुपारी घालवल्या होत्या. उजवा डोळा उलटवून डावीकडे बसवला होता, गालाचा रंग ठिपका ठिपका जुळवला होता. सखुबाईंनी तो पडद्यावर पाहिला होता आणि "बरो झालो" म्हटलं होतं.

"मावशी, बसा," पद्मजा म्हणाली. "तुमचा फोटो गेला. मूळचा आहे, साफ केलेला गेला. मी पुन्हा करते, पण आज होणार नाही. पोस्टानं पाठवू का?"

सखुबाई स्टुलावर बसल्या. "मूळचो दाखव बगू."

तिनं दाखवला. अर्धा चेहरा आणि अर्धा पांढरा डाग. सखुबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"ह्योच दी."

"असाच? मावशी, डाग आहे."

"रवांदे. तेंचो डावो डोळो बारीक होतो, बाये. हसले की मिटायचो. तू दोनी सारखे केलंस. बरो दिसलो माणूस, पण माका ओळख लागूक नाय."

पद्मजाचा हात माऊसवर तसाच राहिला. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू मान मोडून बसललंस. काय बोलूचा?"

 पद्मजाला त्या सगळ्या दुपारी आठवल्या आणि स्वतःचा, मशीनचा, समोरच्या म्हातारीचाही राग आला. मग तिनं फाईल प्रिंटरकडे पाठवली.

कागद पट्ट्यापट्ट्यांनी बाहेर येऊ लागला. केस, कपाळाचा अर्धा भाग, उजवा डोळा, मिशीचं एक टोक. तात्यांनी तो उचलून फ्रेममध्ये बसवला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं फडकं घेऊन त्या पांढऱ्या डागावरची काच घासायला लागले. डाग जाईना. त्यांच्या लक्षात आलं, तसं त्यांनी फडकं उजव्या बाजूला नेलं आणि तीही काच तितकीच पुसली.